राजीनामा आधी की बी.लिब. आधी?

पत्र थोडक्यात असं आहे: “वय ३६, राहणार नाशिक. बी.कॉम., ५४ टक्के. १३ वर्षं एका वाहतूक कंपनीत हिशेब बघतो. हातात ३८ हजार येतात. शाळेत असल्यापासून वाचनालयाचा सभासद आहे, घरी ७०० पुस्तकं आहेत. आता ग्रंथपाल व्हायचंय. राजीनामा देऊन वर्षभरात बी.लिब. करावं असं डोक्यात आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? वय निघून गेलंय का? पगार किती मिळेल? मी खुल्या प्रवर्गात आहे, मुलगी चौथीत आहे. बायको म्हणते, आधी नीट चौकशी करा.”

बायकोचं ऐका. राजीनामा तूर्त टेबलाच्या खणात राहू द्या. बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) नोकरी सांभाळून होतं, त्यासाठी पगार सोडायची गरज नाही. अवघड भाग पदवीनंतर सुरू होतो, कारण पदवी भरपूर जणांकडे आहे आणि पदं मोजकी आहेत. एका महाविद्यालयात ग्रंथपालाचं पद एकच असतं. तिथला माणूस निवृत्त होईपर्यंत ती जागा उघडत नाही, आणि उघडली तरी ती भरायला शासनाची परवानगी लागते.

“ग्रंथपाल व्हायचंय” एवढ्याने काही ठरत नाही. सार्वजनिक वाचनालय, शाळा, महाविद्यालय, शासकीय कार्यालय, खाजगी संस्था या प्रत्येक ठिकाणच्या ग्रंथपालाची पात्रता वेगळी, वयाची अट वेगळी आणि पगारही वेगळा. कुठल्या दारातून आत जायचं ते आधी ठरवा, म्हणजे किती शिकायचं ते आपोआप ठरेल.

तुमच्या मनात बहुधा सार्वजनिक वाचनालय आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, त्यामुळे तुमच्या गावात ही ओढ स्वाभाविक आहे. पण पगाराच्या दृष्टीने सगळ्यात कच्चं दार हेच. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्यानुसार मान्यता मिळालेली बहुतेक ग्रंथालयं नोंदणीकृत संस्था चालवतात, शासन त्यांना फक्त अनुदान देतं. त्यामुळे तिथला ग्रंथपाल हा संस्थेचा नोकर असतो, शासनाचा नव्हे. त्याला शासकीय वेतनश्रेणी लागू नाही, आणि ही मागणी कितीतरी वर्षं पडून आहे. अनुदान अ, ब, क, ड या वर्गावर ठरतं. त्यातला ठरावीक हिस्साच पगारावर खर्च करता येतो, आणि तो हप्त्याहप्त्याने येतो. ड वर्गातल्या ग्रंथपालाला महिन्याला जे मिळतं त्याला मानधन म्हणतात, ते उगाच नाही. शहरातल्या मोठ्या, स्वतःचं उत्पन्न असलेल्या संस्थेत स्थिती बरी असते. पण ३८ हजार सोडून तिथे जाताना घरात दुसरं उत्पन्न हवंच.

शाळांमध्ये दोन प्रकार. अनुदानित माध्यमिक शाळेत पद पटसंख्येवर ठरतं: मोठ्या शाळेला पूर्णवेळ, मध्यम शाळेला अर्धवेळ ग्रंथपाल. अर्धवेळ म्हणजे पगारही अर्धा. जाहिरातीत हा शब्द बारीक अक्षरात असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाला वेतनस्तर ७ मिळतो, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० पासून. बी.लिब. तिथे पुरतं. पण २०२२ च्या भरतीत वयोमर्यादा ३५ होती. तुमच्यापुरतं ते दार बंद समजा आणि त्याच्या तयारीच्या क्लासला पैसे घालू नका.

राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला सर्वसाधारणपणे ३८ वर्षांची मर्यादा आहे. आज प्रवेश घेतलात तर बी.लिब.चा निकाल हातात येईपर्यंत तुम्ही साडेसदतीसचे व्हाल. म्हणजे सहाएक महिन्यांची फट उरते. त्या फटीत जाहिरात आली तर अर्ज जरूर भरा, पण सगळा बेत तिच्यावर रचू नका.

उरलं महाविद्यालय. वेळ सगळ्यात जास्त घेणारं, तरी तुमच्यासाठी सगळ्यात शहाणपणाचं दार हेच, असं आम्हाला वाटतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालाला एम.लिब.ला (याच विषयाच्या पदव्युत्तर पदवीला) किमान ५५ टक्के लागतात, आणि त्यासोबत नेट किंवा सेट, म्हणजे देशपातळीची किंवा राज्यपातळीची पात्रता परीक्षा. (पीएच.डी.वाल्यांना काही अटींवर सूट आहे, तुम्हाला तिचा आज उपयोग नाही.) अनुदानित, मंजूर पदावर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, अधिक भत्ते. नेटला सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी वयाची वरची मर्यादा नाही, ती फक्त जेआरएफला (संशोधनाच्या पाठ्यवृत्तीला) आहे. एकदा मिळालेली पात्रता कायम राहते.

यात दोन ठिकाणी माणसं घसरतात. पहिलं, ५५ म्हणजे ५५. ५४.९ चे ५५ करून घेत नाहीत. बी.कॉम.चे तुमचे ५४ इथे आड येत नाहीत, कारण अट एम.लिब.ची आहे. मात्र त्याच विनियमांत शैक्षणिक कामगिरी सातत्याने चांगली असावी असंही म्हटलेलं आहे, आणि निवडीच्या छाननीत पदवीच्या गुणांनाही वजन असतं. म्हणून एम.लिब.ला ५५ वर समाधान मानू नका, ६० ओलांडायचं ठेवा. दुसरं, नेटचा अभ्यास एम.लिब. संपल्यावर सुरू करणं. शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते. जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोन फेऱ्या असतात. तीन तासांत दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. खुल्या प्रवर्गाला एकूण ४० टक्के ही नुसती पात्रतेची पायरी आहे, प्रत्यक्षात लागणारे गुण तिच्या बरेच वर असतात. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. दोन्ही द्या. विषयाचा पेपर बहुतेकांना जमतो. पहिला, सर्वसामान्य पेपर दणका देतो. तुमचा रोजचा आकड्यांशी संबंध आहे, तिथे आकडेमोड आणि आलेखांचे प्रश्न तुम्हाला तुलनेने सोपे जातील.

मुक्त विद्यापीठाचं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर तुमच्या नाशिकचंच. इग्नूतही (केंद्राच्या मुक्त विद्यापीठातही) बी.लिब. आणि एम.लिब. दोन्ही आहेत, प्रत्येकी किमान एक वर्षाचे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. अट एवढीच की ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षी, त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असलं पाहिजे. विद्यापीठ मान्यताप्राप्त आणि अभ्यासक्रम यादीबाहेर, असंही होतं. त्या पानाची छापील प्रत प्रवेशाच्या दिवशीच काढून फाइलला लावा, दहा वर्षांनी नेमणुकीच्या मान्यतेच्या प्रस्तावाला कामी येईल. इग्नूच्या बी.लिब.ला पदवीत ५० टक्के ही एक पात्रता आहे, ती तुम्ही पूर्ण करता. शुल्क दोन्हीकडे हजारांत आहे, लाखांत नाही. कुणी लाखांत सांगत असेल तर तिथून उठून या.

दूरशिक्षणात हाताला वळण लागत नाही, ही खरी उणीव. वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकाची सूचीत नोंद करणं) हे दोन प्रात्यक्षिकाचे पेपर आहेत, आणि ते वाचून येत नाहीत. ड्युईच्या दशांश पद्धतीच्या तालिका स्वतः उलटल्याशिवाय वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा, बसवता येत नाही. संपर्कसत्रं बुडवू नका. अभ्यासक्रमात अजून एएसीआर-२ या सूचीच्या जुन्या नियमांनी कार्डावर नोंद करायला शिकवतात, आणि रंगनाथनांच्या कोलन पद्धतीने वर्गांक बांधायला लावतात. नोकरीच्या जागी मात्र मार्क-२१ या संगणकीय नोंदीच्या साच्यात, कोहा नाहीतर सोल या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर काम असतं. परीक्षेसाठी पहिलं करा, मुलाखतीसाठी दुसरं.

कोहा फुकट आहे, आणि घरच्या संगणकावर बसतं. डेबियन किंवा उबुंटू लागतं. विंडोज काढायचं नसेल तर व्हर्च्युअल बॉक्समध्ये लिनक्स घाला, ८ जीबी रॅम असली म्हणजे झालं. तुमच्या ७०० पुस्तकांपैकी १०० पुस्तकं निवडा, त्यातली निदान ७० मराठी. त्यांची मार्क-२१ च्या क्रमांक दिलेल्या रकान्यांत पूर्ण नोंद करा: आयएसबीएन ०२० मध्ये, ड्युईचा वर्गांक ०८२, लेखक १००, शीर्षक २४५, प्रकाशन २६०, पृष्ठसंख्या ३००, विषय ६५०. पहिली दहा पुस्तकं एक अख्खी संध्याकाळ खातील. शंभरावं पाच-सात मिनिटांत होईल. चुका कुठे होतात हे नोंदी केल्याशिवाय कळत नाही, तरी ठरलेल्या काही सांगून ठेवतो.

एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असल्या की नवखा माणूस पाच ग्रंथनोंदी करतो. नोंद एकच करायची, तिच्याखाली पाच प्रती, प्रत्येकीला स्वतंत्र दाखल क्रमांक (प्रत ग्रंथालयात दाखल होताना मिळणारा). अनुवादित पुस्तकात अनुवादकाला १०० मध्ये बसवतात. तिथे मूळ लेखक जातो, अनुवादक ७०० मध्ये. लेखकाच्या नावाआधी “प्रा. डॉ.” लिहितात, आणि मग निम्मे लेखक प आणि ड च्या खाली सापडतात. दाखल क्रमांक रिकामा झाला म्हणून दुसऱ्या पुस्तकाला देतात. तो कधीही पुन्हा वापरायचा नसतो, पुस्तक निर्लेखित झालं, म्हणजे साठ्यातून कमी केलं, तरी नाही.

मराठीची दुखणी आणखी निराळी. “ऱ्य” लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. मग “दुसऱ्या” शोधलं की अर्धीच पुस्तकं येतात. “ॲ”चंही तसंच, एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र ठेवून जुळवलेलं. अख्ख्या ग्रंथालयात एकच कळफलक, एकच पद्धत, हे पहिल्या दिवशी ठरवायचं असतं. जुन्या ग्रंथालयांत तर युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या हजारो नोंदी आहेत. फॉन्ट बदलला की त्यांची अक्षरओळख पुसली जाते आणि रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. असा डेटा शुद्ध करून देणारा माणूस सहज मिळत नाही, तो तुम्ही होऊ शकता. अकारविल्हेचंही ठरवावं लागतं. संगणक क्ष ला क च्या घरात आणि ज्ञ ला ज च्या घरात बसवतो. आपण शाळेत दोघांना वर्णमालेच्या शेवटी पाठ केलेलं असतं, म्हणून वाचक शेवटी जाऊन बघतो आणि पुस्तक नाही म्हणून परत जातो.

नावांचं एक उदाहरण तुमच्या गावचंच घ्या. कविता कुसुमाग्रज या नावाने, नाटकं आणि कादंबऱ्या वि. वा. शिरवाडकर या नावाने. माणूस एक, नावं दोन, आणि दोन्ही नावांनी पुस्तकं छापलेली. एकाखाली सगळं कोंबलं तर दुसरं नाव शोधणाऱ्याला रिकामं पान दिसतं. म्हणून दोन्ही नावं ठेवायची आणि प्रत्येकाखाली “हेही पाहा” अशी दुसऱ्याची वाट दाखवायची. शिरवाडकर, वि. वा.; शिरवाडकर, विष्णु वामन; वि.वा. शिरवाडकर, असे तीन अवतार तुमच्या यादीत झाले असतील तर ते आधी एक करा. ग्रंथपालाच्या कामाचा खरा कस इथे लागतो, पुस्तकं वाचलेली असण्यात नाही.

ड्युईत मराठी साहित्य ८९१.४६ वर आहे: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. कपाटात लावताना ८९१.५ हे ८९१.४६३ च्या नंतर येतं. तुम्हाला दशांश कळतात, तरी गर्दीच्या दिवशी आकडे कमी म्हणून ८९१.५ आधी घातलेलं पुस्तक हमखास सापडतं. आणि चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं.

हे सगळं करण्याआधी, खरं तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी, एक गोष्ट करा. तुमच्या वाचनालयाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटून तीन महिने शनिवार-रविवार कामाला येऊ द्या म्हणून विचारा, बिनपगारी. आणि काम मागून घ्या ते कंटाळवाणं: परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, दाखल नोंदवहीत नोंदी, देवघेवीच्या खिडकीवर गर्दीच्या वेळी उभं राहणं, आणि जमलं तर साठा तपासणी. सहा तास पायावर, धूळ, ओणवं होऊन खालच्या फळीवरचे दाखल क्रमांक वाचणं, उशीर शुल्कावरून हुज्जत. वाचायला वेळ मिळतो हा गैरसमज पहिल्या आठवड्यात जातो. कागदाच्या धुळीची ॲलर्जी असेल तर तीही तेव्हाच कळते, दोन वर्षं आणि दोन पदव्यांनंतर नाही. तीन महिन्यांनीही शनिवारी सकाळी पाय तिकडेच वळत असतील तर अर्ज भरा.

आता तुम्ही राजीनाम्यासोबत जी टाकून द्यायला निघालायत, त्या हिशेबाच्या १३ वर्षांबद्दल. ग्रंथालयाचं निम्मं काम खरेदी आणि हिशेबाचं आहे, आणि बहुतेक ग्रंथपाल तिथेच चाचपडतात. देयक तपासताना छापील किंमत, सवलत, परकीय चलनातल्या पुस्तकाचा विनिमय दर (बरीच ग्रंथालयं पुस्तक व्यवसायातल्या गुड ऑफिसेस कमिटीचा दर धरतात) आणि प्रत्यक्ष आलेल्या प्रती हे चारही जुळवावे लागतात. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, तरी एखाद्या देयकात तो लावलेला सापडतो. नियतकालिकांची वर्गणी आगाऊ भरलेली असते आणि अंक वर्षभर येत राहतात. न आलेल्या अंकांचा पाठपुरावा वेळेत केला नाही तर पैसे बुडतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर अंक ही येणी आहेत.

साठा तपासणीचे नियमही तुम्हाला ओळखीचे वाटतील. केंद्र शासनाचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम सांगतात: २० हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दर वर्षी पूर्ण मोजणी, २० ते ५० हजारांना तीन वर्षांतून एकदा, त्याहून जास्त असतील तर जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतराने नमुना तपासणी. वर्षभरात दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलं जातं, अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांवरचा किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी. हे नियम केंद्राच्या संस्थांसाठी आहेत, पण इतर ठिकाणीही लेखापरीक्षणाच्या वेळी त्यांचा दाखला देतात. मुलाखतीत “पुस्तकं हरवली तर काय कराल?” हा प्रश्न येतोच. बाकीचे उमेदवार “वसूल करू” म्हणतात. तुम्ही हे सांगा.

पद मिळायची वेळ आली की चार गोष्टी लेखी विचारा: पद मंजूर आहे का, अनुदानित की विनाअनुदानित, बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या क्रमाच्या यादीत) ते कुठल्या प्रवर्गाचं आहे, आणि विद्यापीठ व उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची मान्यता घेतली जाणार आहे का. उत्तर “ते नंतर बघू” असेल तर ती नोकरी कंत्राटी समजून पगाराचा विचार करा. कुणी पदासाठी पैसे मागितले तर देऊ नका. बेकायदा तर ते आहेच, शिवाय मान्यता नाकारली गेली की ना पद राहतं ना पैसे, आणि तक्रार करायला तोंड उरत नाही.

विनाअनुदानित महाविद्यालयं, खाजगी विद्यापीठं आणि मोठ्या खाजगी शाळा यांचे पगार ठरलेले नसतात, तुम्ही किती रेटता त्यावर असतात. तिथे कोहा चालवता येणं आणि हिशेब कळणं ही जोडी एम.लिब.पेक्षाही जास्त उपयोगी पडते. म्हणून तुमच्यासाठी पायऱ्या अशा: तीन महिने बिनपगारी, मग नोकरीत राहून बी.लिब., त्याच काळात कोहा. बी.लिब. झाल्यावर लगेच एम.लिब.चा प्रवेश, आणि सोबतच अशा खाजगी ठिकाणी अर्ज. तिथे ३० हजारांच्या आसपास पगार लेखी मिळाला आणि घरात दहा-बारा महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला असला, की राजीनामा खणातून बाहेर काढा. नेट-सेट तिथे काम करता करता होईल, आणि तोवर अनुभवही जमू लागेल.

त्या अनुभवाचं प्रमाणपत्र मागताना “यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले” एवढ्यावर उठू नका. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदनाम, पूर्णवेळ की अर्धवेळ, पगार किंवा मानधन, आणि केलेली कामं (नोंदींची संख्या आकड्यात) असायला हवीत. खाली जावक क्रमांक, गोल शिक्का आणि सही करणाऱ्याचं पद. बिनपगारी तीन महिन्यांचंही असंच पत्र घ्या, त्यात “स्वयंसेवक” हा शब्द स्पष्ट असू द्या.